कृष्णाकाठाने वाई ते खिद्रापूर: गुडघे दुखणाऱ्या बाबांना घेऊन चार दिवस (माहिती हवी)

पाणवठा | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे आहेत. लहानपण भिलवडीच्या बाजूच्या एका गावात गेलं, मग नोकरीने पुण्यात आले ते इथलेच झाले. परवा जेवताना एकदम म्हणाले, "नदी मी फक्त आमच्या गावापुरती पाहिली. ती येते कुठून आणि जाते कुठे, ते एकदा सलग बघायचंय."

तेव्हापासून नकाशा काढून बसले आहे. वाईपासून सुरू करायचं आणि नदीच्या प्रवाहाबरोबर खाली येत खिद्रापूरला थांबायचं, कारण तिथून पुढे ती कर्नाटकात जाते. मेणवली, लिंब, संगम माहुली, कराड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी अशी यादी केली आहे. दिवस चार, गाडी स्वतःची, नोव्हेंबरात निघायचा विचार आहे.

खरी अडचण अशी, की नदीकाठचं जे जे पाहण्यासारखं, ते सगळं घाट, म्हणजे पायऱ्या. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. वीस-पंचवीस पायऱ्या उतरतात, पण चढताना त्रास होतो. कुठे उतरावं, कुठे वरून बघावं, कुठे बसायला सावली आहे, हे तिथल्या माणसांनी सांगितलं तर फार उपयोग होईल. हॉटेलांची चिंता नाही, ती मी बघेन.

वाईची_लेक | ४ ऑक्टोबर, रात्री १०:२५

किती छान बेत आहे! वाईचं मी सांगते, माहेर आहे माझं.

पहिली गोष्ट, वाईत सकाळी लवकर पोचा. पुण्याहून सहाला निघालात तर आठच्या आत घाटावर असाल. त्या वेळी घाटावर मोजकीच माणसं असतात आणि दगड तापलेला नसतो. ढोल्या गणपतीला गणपती आळीच्या बाजूने गेलात तर फारशा पायऱ्या नाहीत. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन झालं की लगेच गाडीत बसू नका. देवळाला वळसा घालून मागची भिंत बघा. ती सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर येऊन दुभंगावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून. पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं, पण देऊळ अडीचशे वर्षांहून जास्त काळ जागचं हललेलं नाही. शेजारी काशीविश्वेश्वर आहे. त्याचा नंदी इतका गुळगुळीत, की हात लावल्याशिवाय दगड आहे हे पटत नाही.

आमच्याकडे प्रत्येक आळीला आपला घाट आहे आणि हिवाळ्याच्या शेवटी एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. मांडव, कीर्तन, जेवणावळी, सगळं नदीच्या काठावर. अफजलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा संकट टळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. नोव्हेंबरात तो नसेल, पण बाबांना सांगा. आम्ही तिला नदी नाही म्हणत, कृष्णाबाई म्हणतो.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आतून जरूर बघा, चौकाच्या ओट्यावर बसून विसावाही घेता येतो. घाट वाड्याच्या मागेच आहे. पायऱ्या आहेत, पण खालपर्यंत उतरायची गरज नाही. वरच्या पायरीवरूनच चंद्रकोरीसारखा सगळा घाट दिसतो.

दगडी_पायरी | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मेणवलीच्या घाटावरची घंटा चुकवू नका. छोट्याशा घुमटीत टांगली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि ही एक. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. जवळ जाऊन बघितलं की स्पष्ट दिसतं.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे पायऱ्यांचा प्रश्न येतोच. साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत जायचं. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. साधारण ११० फूट खोल, ५० फूट व्यास. वरून पाहिली तर आकार शिवलिंगासारखा. एका वेळी बारा मोटा चालायच्या आणि ते पाणी आमराईला जायचं.

बहुतेक लोक जिना उतरून खाली जातात, फोटो काढतात आणि परत जातात. खरं तर अर्धी विहीर वरच आहे. मोटेचं पाणी जिथे पडायचं ते दगडी थारोळे, बैलांच्या धावा, पाणी वाहून नेणारे पाट, हे सगळं जमिनीच्या पातळीवर आहे. बाबा शेतकरी घरातले असतील तर मोट म्हणजे काय, हे तेच तुम्हाला सांगतील. खाली विहिरीच्या पोटात महाल आहे, खांबांवर कोरीव काम आहे, दाराशी शिल्पं आहेत. तेवढं तुम्ही जाऊन बघा आणि फोनवर त्यांना दाखवा.

पाणवठा | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मोटेचं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "आमच्या मळ्यात दोन मोटांची होती. बारा म्हणजे चोवीस बैल झाले की!" आता त्यांना सगळ्यात आधी लिंबलाच जायचंय.

रानवारा | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

वाचतोय. आईला घेऊन जायचं आहे, हा धागा जपून ठेवला.

सातारी_मास्तर | ५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

संगम माहुलीबद्दल कोणी लिहीलच म्हणून वाट पाहत होतो. साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा भेटतात. सातारा बघायला येणारे अजिंक्यतारा बघतात, कास बघतात, आणि माहुलीवरून गाडी हाकत निघून जातात. मी चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि दरवर्षी एक वर्ग तरी इथे आणला. पुस्तकातली नावं इथे दगडात भेटतात.

शाहू महाराज १७४९ साली गेले, त्यांची समाधी इथे आहे. जवळ त्यांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं, अशी कथा आहे. लहान मुलं तिथून हलायला तयार नसतात. महाराणी ताराबाईंची समाधीही इथलीच, नदीच्या पात्रालगत, आणि तिची अवस्था पाहून दर वेळी घशाशी येतं. पंचविशीत मुघलांशी झुंज घेतलेल्या बाईच्या समाधीला पुराचा मार खात उभं राहावं लागतं. येसूबाईंची समाधीही माहुलीतच. संभाजी महाराजांनंतर १६८९ मध्ये कैद झाल्या आणि १७१९ मध्ये सुटून आल्या. तीस वर्षं! एवढा एक आकडा मी फळ्यावर लिहायचो आणि वर्ग गप्प व्हायचा.

रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

पायऱ्यांचं म्हणाल तर विश्वेश्वराच्या देवळापर्यंत सावकाश जाता येतं. तिथून खाली पाण्यापर्यंत घाट बराच उतरतो, तो बाबांनी टाळावा. देवळाच्या दगडी ओट्यावरून संगम दिसतो. संध्याकाळी चारच्या पुढे जा, ऊन पाठीमागे जातं. समाध्या शोधायला मात्र गावातल्या कोणालातरी बरोबर घ्या. पाट्या बघत गेलात तर निम्म्या राहून जातील.

दोन_नद्या | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५०

कराडची बाजू मी घेते.

प्रीतिसंगम हे तुमच्या बाबांसाठी सगळ्यात सोपं ठिकाण. नीट राखलेली बाग आहे, चालायला सपाट रस्ता, बसायला बाकं, वर मोठी झाडं. दोन नद्या बहुतेक ठिकाणी एकमेकींना तिरक्या येऊन मिळतात. इथे उत्तरेकडून कृष्णा आणि समोरून कोयना अशा थेट तोंडावर येतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात. बागेतून ते स्पष्ट दिसतं. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच बागेत, अगदी संगमावर आहे. २५ नोव्हेंबरला पुण्यतिथी असते, त्या दिवशी गर्दी आणि बंदोबस्त असतो. तो दिवस टाळा किंवा मुद्दाम तोच धरा, तुमची आवड.

संध्याकाळी कराडकर इथे येऊन नुसते बसतात. भेळ घ्यायची आणि पाण्याकडे बघायचं. कोणी कोणाला उठवत नाही.

वेळ असेल तर नकट्या रावळाची विहीर बघा, जुन्या कोटात आहे. मोठी पायऱ्यांची विहीर आहे, पण काठावरून पूर्ण दिसते.

सांगलीकर_७७ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आता आमच्या हद्दीत आलात.

कराडहून खाली येताना बहे गावाला थांबा. नदीच्या मधोमध रामलिंग बेट आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथला. दोन्ही बाजूंनी पाणी आणि मध्ये देऊळ. पाणी जास्त असेल तर जाता येत नाही, गावात विचारून मगच उतरा.

दुसरं, सागरेश्वर. हे देवराष्ट्र्याजवळ, यशवंतरावांचं जन्मगाव तेच. उघड्या माळावर झाडं लावून माणसांनी उभं केलेलं अभयारण्य आहे हे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला म्हणून झालं. साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचंच, पण चितळ, सांबर, काळवीट दिसतात. आणि तुमच्या बाबांसाठी महत्त्वाचं असं, की वरच्या टोकावरून कृष्णेचं अख्खं खोरं दिसतं. उसाचे हिरवे चौकोन आणि मधून वळत जाणारी नदी. नदी जवळून सगळेच बघतात, तिने काय पिकवलं ते वरून बघावं. गाडी कुठवर सोडतात ते दारातच विचारा.

तिसरं नीट वाचा. भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. घाबरवायला सांगत नाही, दर काही दिवसांनी कुठेतरी काठावर दिसतेच. बाबा लहानपणी पोहले असतील, आता पाण्यात पाय सोडून बसायचा मोह होईल. गजबजलेल्या घाटावर, स्थानिक लोक उतरतात तिथेच आणि तेवढंच.

सांगलीत संस्थानच्या गणपतीला जा, मग आयर्विन पुलावर. १९२९ चा पूल आहे. पुलाच्या खांबावर पाण्याच्या पातळीच्या खुणा आहेत. ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही आठवडाभर दुसऱ्याच्या गच्चीवर होतो. खाली बाजारपेठेत होडी चालत होती. त्या वर्षी पलूसकडे ब्रह्मनाळला माणसं वाचवणारी होडीच उलटली आणि किती घरं बसली. म्हणून सांगतो, पुलावर उभं राहून तो आकडा बाबांना दाखवा. ही नदी बघायची तर तिचं तेही बघितलं पाहिजे.

श्रावणसर | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

नोव्हेंबर चांगलाच, पण नरसोबाच्या वाडीला जायचं तर पावसाळ्यात. दक्षिणद्वार सोहळा एकदा तरी अनुभवावा असा असतो. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत चढत देवळात शिरतं, दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला रात्री-अपरात्री माणसं येतात. बाबांच्या पिढीला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. चार दिवसांचा प्रवास दोनदा विभागा, वाडी श्रावणात करा.

सांगलीकर_७७ | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

सोहळ्याबद्दल आदरच आहे, आमच्या घरी पिढ्यानपिढ्या वाडीची वारी आहे. पण ७४ वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, ओल्या पायऱ्या, रेटारेटी आणि पाण्याला ओढ. नाही म्हणजे नाही. पाणी वाढलं की रस्ते कधी बंद होतील याचाही नेम नसतो.

श्रावणसर | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

हे मान्य. गुडघ्यांचा विचार माझ्या डोक्यातून निसटला होता. मग असं करा, नोव्हेंबरात जा आणि देवळाच्या आत उभं राहून उत्तरेचं दार कुठे, दक्षिणेचं कुठे, पाणी कसं येतं हे एखाद्या पुजाऱ्यांना विचारा. पाणी फार वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, तेही सांगतील. संध्याकाळच्या पालखीला थांबा. पालखीबरोबर पदं म्हणत हळूहळू प्रदक्षिणा होतात, बाबांना एका बाजूला बसून ऐकता येईल.

आणि बासुंदी, कवठाची बर्फी. विसरू नका.

पलीकडे कुरुंदवाडला घाटाजवळ सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी आहे. माहुलीत ताराबाई बघून आलात की इथे संताजी बघा. एकाच काळातली माणसं, एकाच नदीच्या काठाला.

दगडी_पायरी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

खिद्रापूर शेवटी ठेवलंत ते उत्तम केलंत. त्याच्यानंतर दुसरं काही बघू नका.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. समोरचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि वर छपराला मध्यभागी साधारण १३ फुटांची गोल मोकळी जागा. खाली तेवढीच गोल शिळा. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र बरोबर त्या गोलाच्या माथ्यावर येतो. गर्दी खूप होते, बाबांसोबत दिवसाच जा. दुपारी ऊन त्या गोलातून आत उतरतं आणि एकेका खांबावर सरकत जातं. शिळेच्या बाजूला बसून तासभर फक्त तेवढं पाहिलं तरी पुरे. खांब बघा, एकच खांब खालून वर चौकोनी, अष्टकोनी, गोल असा बदलत जातो, आणि काही ठिकाणी तर आरशासारखा घासलेला.

बाहेर देवळाचा सगळा भार हत्तींच्या पाठीवर आहे, प्रत्येक हत्ती वेगळा. शंकराचं देऊळ असून नंदी नाही. सती त्याच्यावर बसून माहेरी, दक्षाकडे गेली म्हणतात. तो नंदी नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. सतीच्या मृत्यूने कोपलेला शिव म्हणून कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढणारा विष्णू धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघांच्याही पिंडी आहेत.

पायऱ्या नाहीत म्हटलं तरी चालेल. उंबरे मात्र उंच आहेत, हात धरा.

पाणवठा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी वहीत सगळं उतरवून घेतलंय, नावांसकट. "हे दगडी पायरी कोण गृहस्थ आहेत?" असं दोनदा विचारून झालं.

पाणवठा | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

जाऊन आलो. धागा वर काढते आहे, कारण तुम्हा लोकांशिवाय हा प्रवास असा झाला नसता.

चाराचे पाच दिवस झाले. लिंबलाच दुपार गेली. बाबा खाली उतरले नाहीत. थारोळ्याच्या दगडावर हात ठेवून उभे राहिले आणि मला मोट समजावून सांगितली. बैल धावेवरून पुढे गेले की मोट वर येते, सोंडेचा दोर सैल सोडला की पाणी पाटात पडतं, मग बैलांना उलटं मागे आणायचं, आणि हे सगळं करताना माणूस गात असतो. त्यांच्या आजोबांच्या दोन ओळी त्यांना आठवल्या. माझ्या जन्मापासून मी बाबांना गाताना ऐकलेलं नव्हतं.

माहुलीत मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे गावातल्या एका मुलाला बरोबर घेतलं. कॉलेजात शिकतो, एकेक समाधी दाखवली, पैसे घ्यायला तयार नव्हता. ताराबाईंच्या समाधीबद्दल तुम्ही लिहिलं होतं ते वाचून गेले होते, तरीही बघवलं नाही.

कराडला बागेत दोन तास बसलो. सागरेश्वरला वरून नदी दिसली तेव्हा बाबांनी बोटाने दाखवलं, "त्या वळणाच्या अलीकडे आमचं गाव." मला खरं तर काही ओळखू आलं नाही. सगळीकडे ऊस.

आयर्विन पुलावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर गाडीत म्हणाले, "आमच्या लहानपणी पूर यायचा तेव्हा आई खणानारळाने ओटी भरायला जायची आणि परत जा म्हणायची. पाणी ऐकायचंसुद्धा. आता धरणाची दारं उघडतात, कोणाला सांगायचं?"

औदुंबरला पायऱ्या उतरताना भीती होती. मी धरून नेलं, मधे तीनदा बसलो. घाटावरून होडीने पलीकडे भुवनेश्वरीला जाता येतं, पण होडीत चढणं जमेना. तर होडीवाले काका त्यांच्या वयाचेच निघाले. होडी दोराला बांधून ठेवली आणि बाबांशेजारी पायरीवर येऊन बसले. शाळेला जायला हेच पाणी ओलांडायचो, कोणाची होडी होती, कोण बुडालं, कोण वाचलं, अशी तासभर नावं चालली होती. मी वर जाऊन चहा घेऊन आले, तरी संपलं नव्हतं.

वाडीची पालखी ऐकली. खिद्रापूरला दुपारी पोचलो आणि ऊन त्या गोलातून आत आलं होतं. बाबा शिळेच्या कडेला खांबाला टेकून बसले. उंबऱ्याला हात धरला होता तो मी सोडला नाही, त्यांनीही सोडवून घेतला नाही.

सांगलीकर_७७ | २९ नोव्हेंबर, रात्री ९:५५

वाचून डोळे भरले ताई. कृष्णाकाठची वांगी आणलीत का नाही?

पाणवठा | २९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आणली की, औदुंबरहून परतताना रस्त्यावर एका आजींकडून पाच किलो. घरी आल्यावर बाबांनी स्वतः निवडून भरीत करायला दिलं आणि शेजारी दोन घरी पाठवलं.

आता एक विचारायचं आहे. बाबांची वही अजून उघडीच आहे. म्हणतात, जाते कुठे ते पाहिलं, पण येते कुठून ते राहिलंच, आपण वाईपासून धरलं. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं, तिथे आणि शेजारच्या कृष्णाबाईच्या जुन्या देवळापाशी पायऱ्या किती आहेत? कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.